वाळूचा दर

चेसिस साडेचार हजार. रिमा चार, दोनशे ऐंशीची एक.
बिजागऱ्या, ब्रॅकेटं, पुढच्या चाकांचे हात
टोपलीभर, सातशे, न मोजता.
बॉनेट नाही घेणार, म्हणाला नबी पिंजारी,
पत्रा पातळ आहे, तापला की पापड होईल,
ते घरी घासा, पाणकागद घेऊन, जमेल तसं.

पाकिटाच्या पाठीवर बेरीज केली: सहा हजार तीनशे वीस.
अख्खी हेराल्ड मी नऊ हजाराला आणली होती,
नव्वद साली, डॉक्टर बाविस्करांच्या दारातून,
मागच्या सीटवर कोंबडीची तीन अंडी होती
त्यांचे पैसे डॉक्टरांनी लावले नव्हते.

जळगावची एमआयडीसी, मे महिना.
पत्र्याच्या शेडखाली उभं राहिलं की टाळू भाजते.
मागच्या खोलीत कॉम्प्रेसर सुरू होऊ बघत होता,
धरायचा, सुटायचा, पुन्हा धरायचा.

छत्तीस वर्षं कॅशियर होतो अमळनेरला.
दुसऱ्यांचे पैसे भराभर मोजले,
आपले मोजताना बोट ओलं करून थांबतो.
येताना बांभोरीच्या पुलावरून पाहिलेलं,
गिरणेत ट्रॅक्टर उतरलेले, फावडी चाललेली,
म्हणून म्हणालो, वाळू तर नदीत पडलीय, नबीभाऊ,
तुम्ही काय हवेचे पैसे लावता?

तो हसला नाही, रागावलाही नाही.
पोत्याचं तोंड सोडून मूठ माझ्यापुढे धरली:
तांबूस दाणे, साखरेएवढे, एकसारखे.
गार्नेट. दक्षिणेकडून येतं. पोत्यावर भाडं वेगळं.
मग आपल्या बोलीत, हळू,
‘फुकट नही ऱ्हास वाळू, भाऊ.
मना दादानी वापरी गिरणानी. बारा वरीस.’

मागे पुन्हा तो आवाज,
धरणारा, सुटणारा.
टेम्पोवाला भिला माझ्याकडे बघत होता.
वीज तर दहालाच गेली होती.

दुपारी तीनला आली. नबीनं टोप चढवला,
हवेची नळी छातीशी जोडली, दार लावून घेतलं.
याचा आजा गावोगाव कापूस पिंजत हिंडायचा,
आडनाव तिथलंच.
आत आता लोखंड पिंजलं जात होतं,
आधी माझा हिरवा रंग गेला,
मग डॉक्टरांचा काळा, मग कारखान्याचा कसलासा,
आणि चेसिस बाहेर आली तेव्हा
राखाडी, कोरी, ओळख न देणारी.
हात नका लावू, नबी ओरडला,
घामाचं बोट उठेल, रात्रीत गंज धरेल.

ड्रायव्हरच्या बाजूला, पायाखाली, वीतभर भोक.
कडेला तेलाच्या डब्याचा चपटा पत्रा,
झाळून चिकटवलेला, त्यावर अजून वाचता येत होतं
‘शुद्ध शेंग’, पुढचं उडालेलं.
कुणी केलं असलं काम? नबीनं विचारलं.
मी माहीत नाही म्हणालो.

अठ्ठ्याण्णव साल, धरणगाव नाका, पावसाळ्याच्या तोंडावर.
तो सव्वाशे मागत होता,
मी साठात मिटवलं होतं.

आता नवा तुकडा, वेल्डिंग, अकराशे वेगळे.
मोजून दिले. फक्त ते वरचे वीस,
नबी म्हणाला, सुट्टे नसतील तर राहू द्या,
आणि मी राहू दिले.
होते माझ्याकडे. वरच्याच खिशात.

परतताना तांबडा प्रायमर ओलाच,
भिला खड्डे चुकवत हळू चालवत होता.
पुलावर वारा लागला तेव्हा
दाढेखाली काहीतरी कचकन आलं.
थुंकून पाहिलं, अंधारात कळेना
नदीचं की पोत्यातलं.